थमवाले सर

थमवाले सर कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत आणि कधी शिकवत होते असंही कुणाला आठवत नाही. पण ज्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे आणि ज्याच्यासमोर हातात झेरॉक्स घेऊन ताटकळावं लागतं, त्याला आमच्याकडे आपोआप ‘सर’ ही पदवी मिळते. तिला विद्यापीठ लागत नाही. असा एक सर तालुक्याच्या प्रत्येक गावी असतो. भोकरला आहे, धर्माबादला आहे, मुदखेडला दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. मी सांगतोय तो उमरीचा. तुमच्या गावचा वाटला तर तोच समजा, काही बिघडत नाही.

दुकान स्टेशनकडून गावात येताना लागतं. पाटीवर सातबारा, आठ-अ, पॅन कार्ड, पीक विमा, रेल्वे रिझर्व्हेशन, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो एवढं लिहून झाल्यावर खाली वीतभर जागा उरली. ती रिकामी कशाला सोडायची म्हणून पेंटरनं आपल्या मनानं ‘कॉम्प्युटर रिपेअरिंग’ असं घातलं. सरांनी ते पुसायला लावलं नाही. त्या दिवसापासून सर रिपेअरिंग करतात.

त्यांच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं असतात. एक लिहायचं, दुसरं गिऱ्हाइकाला सही करायला द्यायचं आणि लगेच परत मागायचं. टायपिंग दोन बोटांनी. पण त्या दोन बोटांखालून तालुक्यातल्या किती खातेदारांचे पीक विमे गेले असतील, किती बहिणी लाडक्या झाल्या असतील, याचा हिशेब खुद्द सरांनाही लागायचा नाही. टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही आहे. तिच्यात निम्म्या गावाचे पासवर्ड आहेत आणि ते पाठ करायला सोपे आहेत, कारण सगळे एकाच साच्याचे : आधी नाव, मग ॲट, मग एक-दोन-तीन. वही चोरीला जाईल ही भीती सरांना नाही. चोराला आधी सरांचं अक्षर लागायला हवं.

जगातल्या सगळ्या अडचणींना सरांकडे तीन निदानं आहेत. ‘सर्व्हर डाउन हाय’, ‘लिंक नाही’ आणि ‘नावात मिसमॅच हाय’. यांच्या बाहेरचा आजार त्यांनी अजून पाहिलेला नाही. मेहुण्याचं जमत आलेलं लग्न मोडलं तेव्हा घरात सगळे डोक्याला हात लावून बसले होते, आणि सर शांतपणे म्हणाले, ‘‘मिसमॅच होतं ते. मी पहिल्या दिवशीच बोललो होतो.’’

सर बँकेची कामंही करतात, म्हणजे अंगठा लावून पैसे काढून देतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४८च्या सुरुवातीला स्वातंत्र्यसैनिकांनी याच उमरीतली बँक लुटली आणि रक्कम लढ्याकडे वळवली, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. सरांचं त्यावरचं मत असं की, तेव्हा ओटीपी नव्हता म्हणून जमलं. ओटीपी असता तर १७ सप्टेंबरला काही मराठवाडा मोकळा झाला नसता. तारीख वाढवून मागावी लागली असती.

आता ‘थम’बद्दल. थम म्हणजे अंगठा आणि थम म्हणजे अंगठा घेणारी ती काळी डबीही. सरांचं सगळं तंत्रज्ञान या डबीनं शिकवलेलं आहे. यूएसबीला जोडून भागत नाही, तिला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर झाला की आरडी सर्व्हिस नावाची आणखी एक गोष्ट लागते. ती मिळाली की विंडोज एका रात्रीत अपडेट होतं आणि सकाळी डबी ‘नॉट रेडी’. मधेच वरून फर्मान येतं की जुनी एल-झिरो डबी चालणार नाही, आता एल-वन घ्या. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. या छळातून डिव्हाइस मॅनेजर नावाची खिडकी सरांच्या ओळखीची झाली. एखादा तहसीलमधल्या ठरावीक टेबलाकडे मान खाली घालून जातो, तसे सर त्या खिडकीत जातात, पिवळा त्रिकोण कुठं दिसतो ते बघतात आणि त्याच्याशी बोलायला सुरुवात करतात.

आणि डबी नीट असली तर अंगठा नीट नसतो. जन्मभर कापूस वेचलेल्या, सोयाबीन काढलेल्या बाईच्या बोटावर रेषा राहतात कुठं? सर त्यावर इलाज सांगतात. हात धुवा. कोरडा करा. फार कोरडा झाला, बोट केसांवरून फिरवा. दाबू नका. अहो, जरा दाबा की. शेवटी ‘‘माय, तुझा थम उठूना गं,’’ असं म्हणून पुढच्याला बोलावतात.

अशा या सरांकडे मे महिन्यातल्या एका दुपारी एक पोरगा सीपीयू घेऊन आला. आमच्याकडे अख्ख्या पत्र्याच्या डब्याला सीपीयूच म्हणतात. स्कूटीवर मागं बसून, चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आणला होता. गाडी त्याची आई चालवत होती. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे खऱ्या मॅडम. मी सातबाऱ्यासाठी बाकावर बसलो होतो. सर्व्हर डाउन होता.

‘‘काय झालं रे?’’

‘‘सर, कंट्रोलर कनेक्टच होऊना.’’

पोराच्या पिशवीतून एक गेम खेळायचा पांढरा कंट्रोलर निघाला आणि त्याच्यामागून शेपटीसारखी वायर असलेला एक काळा, गुळगुळीत रिसीव्हर. कंट्रोलर एक्सबॉक्स ३६०चा. हा एक्सबॉक्स आपल्या देशात २००६ साली आला तेव्हा त्याच्या जाहिरातीला अक्षयकुमार आणि युवराज सिंग होते. उमरीला पोचायला त्याला बराच उशीर लागला. पोराच्या हैदराबादच्या मावसभावानं नवीन घेतला आणि जुना ह्याला दिला. कंट्रोलर बिनवायरचा. कॉम्प्युटरशी त्याचं बोलणं करून द्यायला मधे रिसीव्हर लागतो, तो पोरानं काचीगुड्याला उतरून कोटीच्या बाजारातून आणला. खेळायचं काय, तर क्रिकेट ०७. हाही २००६चाच, त्या मालिकेतला शेवटचा, आणि पोरं अजून त्याच्यात नवे नवे संघ भरून खेळतात.

‘‘भाऊ, तुम्हीच बघा,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘बारावीचं वर्ष आहे. हे चालू झालं की निदान अभ्यासाला बसंल म्हणते.’’

या वाक्यातला तर्क कुणीच तपासला नाही.

सरांनी एक्सबॉक्स आयुष्यात पाहिलेला नव्हता. दुसरा कुणी असता तर तसं म्हणाला असता. पण असं म्हणायचं ठरवलं असतं तर सर सर झालेच नसते. त्यांनी कंट्रोलर हातात घेतला, वजन केल्यागत खालीवर केला आणि म्हणाले, ‘‘सर्व्हर डाउन असंल.’’

‘‘सर, ह्याला सर्व्हर नसतो.’’

‘‘मग लिंक नसंल,’’ सर म्हणाले आणि कामाला लागले.

पहिला टप्पा ठरलेला. रिसीव्हर काढला, फुंकर मारली, परत लावला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. झाकण उघडलं, रॅम काढली, तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर फिरवलं, परत बसवली. रॅमचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. पण गिऱ्हाइकाला काहीतरी उघडलेलं दिसलं पाहिजे, हा धंद्याचा नियम आहे. मग कुणाचाच विश्वास बसणार नाही असं एक शहाणपण सरांनी केलं. रिसीव्हर पुढच्या हबमधून काढला आणि मागच्या बाजूच्या काळ्या पोर्टात लावला. ‘‘निळ्यात नको. निळ्यात थमबी नखरे करतंय.’’ कारण त्यांना ठाऊक नव्हतं, पण कारण आहे. निळं पोर्ट यूएसबी तीनचं असतं, आणि तिथं पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोरात चालू असली की तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. बिनवायरचे माउस, कीबोर्ड आणि हा कंट्रोलर त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलनं २०१२ साली यावर एक सविस्तर टिपण काढलं होतं. आणि हबमध्ये चार उपकरणं असली की पाचव्याच्या वाट्याला पुरेशी वीज येत नाही, ते वेगळंच.

एव्हाना दुकानात गर्दी झाली होती. सातबाऱ्याचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे, रिझर्व्हेशनचे असे सगळे सर्व्हरची वाट बघत होते आणि सगळ्यांना फुकटचं काम मिळालं होतं. नांदेडला डिप्लोमा करणारा एक जण म्हणाला, ‘‘ब्लूटूथनं जोडा की, रिसीव्हर कशाला?’’ पोरगा कंट्रोलरच्या बाबतीत सरांपेक्षा शहाणा. म्हणाला, ‘‘ह्याच्यात ब्लूटूथच नाही.’’ खरं होतं. ते या घराण्यात आलं २०१६च्या एक्सबॉक्स वन एसपासून. डिप्लोमावाला हटला नाही. ‘‘मग तो नवीन छोटा ॲडॉप्टर घ्या, आठ कंट्रोलर चालत्यात त्याच्यावर.’’ आठ चालतात हे बरोबर. पण त्यातला एकही ३६०चा नसतो, जुन्या-नव्यांची भाषा वेगळी आहे. रिझर्व्हेशनवाले एक गृहस्थ म्हणाले की हे चायनाचं दिसतंय, बदलून आणा. देवगिरीचं वेटिंग किती आलं, हे मात्र त्यांना सर्व्हर आल्याशिवाय कळणार नव्हतं.

सर कुणाचं ऐकत नव्हते. ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोचले होते.

तिथं पिवळा त्रिकोण होता आणि त्याच्यापुढं ‘अननोन डिव्हाइस’ लिहिलेलं होतं. अनोळखी. सरांचा चेहरा बदलला. इतका वेळ ते गेमच्या दुनियेत होते, जिथं त्यांचं कुणी नव्हतं. आता ते आपल्या खात्यात आले. पोराला म्हणाले, ‘‘ह्याची कागदपत्रं दाखव.’’

‘‘बिल नाही सर.’’

‘‘बिल नाही रे लेका, ह्याची आतली.’’ त्यांनी प्रॉपर्टीज उघडली, डिटेल्सवर गेले, खालच्या यादीतून हार्डवेअर आयडी काढला. थमच्या डबीपायी हा रस्ता त्यांचा पायाखालचा. तिथं दोन आकडे होते : ०४५ई आणि ०२ए९. पोराच्या मोबाइलवर अस्सल रिसीव्हरचे आकडे शोधून झाले : ०४५ई आणि ०७१९. सरांनी एका कागदावर एकाखाली एक लिहून घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मग पेन टोपणात घातलं.

‘‘मिसमॅच हाय,’’ ते म्हणाले.

कागदपत्रांबाहेर पहिल्यांदाच हे निदान शब्दशः खरं होतं.

पुढचं विवेचन त्यांनी उभं राहून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं केलं. पहिला आकडा आडनाव समजा. आडनाव मायक्रोसॉफ्टचं लावलेलं आहे, ते बरोबर आहे. दुसरा आकडा नाव. विंडोजकडे जी यादी आहे तिच्यात या आडनावाचा ०७१९ आहे, हा ०२ए९ नाही. म्हणजे माणूस त्याच घरातला म्हणून सांगतो, काम तेच करतो, दिसतोही तसाच. पण यादीत नाव नाही. मग विंडोजनं काय करावं? तलाठी काय करतो? ‘‘ओळखत नाही’’ म्हणतो. चूक त्याचीबी नाही.

‘‘म्हणजे डुप्लिकेट आहे?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘डुप्लिकेट नका म्हणू मॅडम. नावात फरक हाय.’’

ज्या माणसानं आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि बँकेत तिसरंच नाव असलेली सोन्यासारखी माणसं रोज पाहिली आहेत, तोच असं बोलू शकतो. पुण्या-मुंबईच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो रिसीव्हर सरळ टाकून द्यायला सांगितला असता. सरांच्या मते नावातल्या फरकासाठी कुणाला हाकलत नसतात. त्याला स्वयंघोषणापत्र असतं.

आणि विंडोजमध्येही ते आहे, हे सरांनी दाखवलं. ‘अपडेट ड्रायव्हर’वर गेले. स्वतः शोधू का असं त्यानं विचारलं, त्याला नको म्हणाले. त्याच्या शोधण्यावर सरांचा विश्वास नाही. मी यादीतून निवडतो, असं सांगितलं. मोठी यादी आली. तिच्यात खाली, बरंच खाली, ‘एक्सबॉक्स ३६० पेरिफेरल्स’. त्याच्या आत ‘वायरलेस रिसीव्हर फॉर विंडोज’. निवडलं. लगेच विंडोजनं लांबलचक इशारा दिला : हा ड्रायव्हर या उपकरणाचाच आहे याची खात्री आम्हाला करता येत नाही, तो लावणं बरं नाही, संगणक बंदही पडू शकतो, तरी लावायचा का?

पोरगा मागं सरकला. ‘‘सर, काही होणार नाही ना?’’

‘‘घाबरूलालास कशाला? वरील माहिती खरी असून खोटी आढळल्यास मी जबाबदार राहीन,’’ असं सर एका दमात म्हणाले आणि ‘येस’ दाबलं.

रिसीव्हरवर हिरवा दिवा लागला.

कंट्रोलर मात्र मेलेला. त्याच्यात दोन पेन्सिल सेल लागतात आणि पोरानं आणलेले संपलेले होते. एक सेल सरांच्या भिंतीवरच्या घड्याळातून काढला. दुसरा शेजारच्या टेलरच्या घड्याळातून, त्याला न विचारता. त्या दुपारी उमरीच्या त्या भागात दोन दुकानांत बराच वेळ पावणेतीनच वाजलेले होते. मधलं गोल बटण दाबून कंट्रोलर चालू केला. मग रिसीव्हरवरचं बटण, मग कंट्रोलरच्या डोक्यावरचं बारकं बटण. हिरवी कडी गोल गोल फिरायला लागली, थांबली, आणि तिचा वरचा डावा चतकोर पेटून राहिला. म्हणजे खेळाडू क्रमांक एक.

‘‘झालं की!’’ रिझर्व्हेशनवाले म्हणाले. त्यांनी ते स्वतः केल्यासारखं म्हटलं.

पण सर पावती हातात आल्याशिवाय कामाला ‘झालं’ म्हणत नाहीत. त्यांनी पोराकडून विचारून घेऊन रनमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप केलं. एक छोटी खिडकी आली. तिच्यात लाल गोल ओळीनं मांडलेले. कंट्रोलरचं जे बटण दाबू, तो गोल उजळतो. सरांनी एक दाबलं. उजळला. दुसरं दाबलं. तोही उजळला. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पीक विमा भरताना कधी पाहिलं नव्हतं. दाबलं की लगेच उमटतंय, न रुसता, ‘पुन्हा प्रयत्न करा’ न म्हणता!

बाकाच्या टोकाला गोरट्याहून आलेली एक आजी सकाळपासून बसलेली होती. गोरटं म्हणजे दासगणू महाराजांचं, इथून जवळच. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार तिच्या खात्यावर येतात, ते केवायसीवाचून अडकले होते. ओटीपी जायचा तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल चाकणला कंपनीत नोकरी करणाऱ्या पोराच्या खिशात. तो ड्यूटीवर फोन घेत नाही. राहिला अंगठा. तो सकाळपासून उठत नव्हता.

आजीनं बघितलं की सर काहीतरी दाबूलालेत आणि पलीकडं लाल दिवा लागूलालाय. तिनं पुढं येऊन हात पुढं केला.

‘‘माय, हे थम नाही, हे खेळायचं हाय.’’

‘‘आसू दे रं बापू.’’

पोरानं कंट्रोलर तिच्या हातात दिला. आजीनं पदरानं अंगठा पुसला, केसांवरून फिरवला, सकाळपासून शिकवलेलं सगळं जसंच्या तसं केलं आणि हिरवं बटण दाबलं. लाल गोल टक्कन उजळला. दुकानात कुणीतरी टाळी वाजवली.

‘‘उठला?’’ आजीनं विचारलं.

‘‘उठला की.’’

‘‘मग पैसे कवा येतेत?’’

सरांकडे उत्तर नव्हतं. पण गप्प बसणं हा सरांचा स्वभाव नाही. त्यांनी आपला मोबाइल काढला, पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आहे ती उघडली, आजीला दारातल्या उजेडात बसवलं आणि डोळे मिटू नको म्हणून सांगितलं. ही सोय २०२३पासून आहे. सकाळीच का केली नाही, असं विचारलं तर सर म्हणाले, ‘‘सकाळी थमचं गिऱ्हाईक होतं ते.’’

मॅडमनी पैसे विचारले. दरपत्रकात कंट्रोलर बसत नव्हता. सर क्षणभर पाटीकडे बघून आले आणि म्हणाले, ‘‘नाव दुरुस्तीचे पन्नास द्या.’’ वहीतही तसंच लिहिलं. रॅम पुसल्याचे लावले नाहीत. जाताना सीपीयूच्या मागच्या बाजूला मार्करनं बाण काढून ‘येथून काढू नये’ असं लिहून दिलं. पोरगा हसला, पण ते लिहिणं गरजेचं होतं. असा रिसीव्हर एका पोर्टातून काढून दुसऱ्यात घातला की विंडोज त्याला नवीनच आलेला समजतं आणि पुन्हा अनोळखी ठरवतं. पत्ता बदलला की रहिवासी दाखला नव्यानं काढायचा, यात सरांना काही नवल वाटलं नाही. मॅडमनी टेबल झाडताना सगळ्या वायरी काढल्या आणि दोनच दिवसांत स्कूटी परत दारात उभी राहिली. पुन्हा पन्नास.

तुमच्याकडेही असा रिसीव्हर असेल आणि कॉम्प्युटर त्याला ओळख देत नसेल, तर लगेच टाकून देऊ नका. यादीतून हातानं निवडा, इशाऱ्याला हो म्हणा, आणि मग त्याची जागा बदलू नका. नाही जमलं तर उमरीला या. अकराच्या आत या आणि आधारची झेरॉक्स बरोबर आणा. कंट्रोलरला ती लागत नाही, पण सर मागतात.